उजव्या बाजूचा श्वास

तरणतलावावर त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे शिट्टीबाई. एकतीस वर्षं त्या तिथे पोहायला शिकवत होत्या. एवढ्या काळात गळ्यातली शिट्टी त्यांनी चारदा बदलली, पण काठावर उभं राहून ओरडायची पट्टी होती तीच राहिली. त्या ओरडल्या की पाण्यातली माणसं तर थांबतच, पण बाहेर रस्त्यावरून जाणारा सायकलवालाही ब्रेक दाबी, असं तलावाचा रखवालदार शपथेवर सांगायचा.

अशा बाई एका मंगळवारी सकाळी कोरड्या जमिनीवर पडल्या. ओल्या फरशीवर पळू नका, हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती हजार वेळा उच्चारलं असेल त्याला गणती नाही, आणि त्या पळत नव्हत्याच. पाण्यात एक बाप्या हात मारत पुढे येत होता, त्याला पाय कसे हलवायचे हे दाखवत त्या काठाने उलट्या चालत होत्या. मागे फळ्यांची चळत होती, तीच ती धरून पोहायची हलकी फळी. बाई त्या चळतीवर आडव्या झाल्या, आणि उजव्या खांद्याच्या जरा खाली कट् असा आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला.

पडल्या पडल्या त्यांनी डाव्या हाताने शिट्टी वाजवली. सगळ्यांना बाहेर काढलं, डोकी मोजली, चौदाची चौदा भरली. मग रखवालदाराला म्हणाल्या, "आता माझ्या यजमानांना फोन लाव. आणि त्यांना घाबरवू नकोस, नाहीतर चष्मा विसरून येतील."

यजमान चष्मा विसरूनच आले.

दंडाचं हाड मोडलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला, धातूची पट्टी आणि सहा स्क्रू असा हिशेब सांगितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठची वेळ दिली. संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर बघायला येतील म्हणाले.

त्या आल्या तेव्हा बाई खाटेवर टेकून बसल्या होत्या आणि यजमान बाजूच्या स्टुलावर उधार मागून घेतलेल्या चष्म्याने शब्दकोडं सोडवत होते. डॉक्टर पस्तिशीच्या आसपासची, केस बारीक कापलेले, कानावर पेन खोचलेलं. तिने कागद उलटसुलट केले आणि विचारायला सुरुवात केली. साखर? नाही. रक्तदाब? नाही. पूर्वी कधी ऑपरेशन?

"दोन बाळंतपणं. त्याला ऑपरेशन म्हणत नाहीत."

"दम लागतो का? जिना चढताना वगैरे?"

"मला?" बाईंनी असं विचारलं की जणू माशाला पोहता येतं का, असा प्रश्न आला होता.

यजमानांनी कोड्यातून मान वर केली. "हिला दम लागत नाही, डॉक्टर. ही दम देते."

"पाण्याखाली दोन मिनिटं दहा सेकंद राहते मी," बाई म्हणाल्या. "एकसष्टाव्या वर्षी. घड्याळ लावून बघा हवं तर."

"माहीत आहे मला," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाली. "तेव्हा पावणेतीन मिनिटं राहायचात. मी काठावर बसून मोजलं होतं."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. ओळख पटेना.

"सुट्टीतली बॅच होती. मी नऊ वर्षांची होते. लाल टोपी."

"लाल टोप्या सगळ्यांनाच असतात."

"सहा दिवस आले, सातव्या दिवशी आले नाही." डॉक्टरने पेन पुन्हा कानावर ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता, एखाद्याला पत्ता सांगावा तशी ती सांगत होती. "तुम्ही मला तीनदा पाण्यात ढकललंत, बाई. दोनदा खोल बाजूला."

यजमानांनी कोड्याची घडी घातली. अशा वेळी माणसाने पेपरामागे लपावं की पेपर बाजूला ठेवावा, हे त्यांना पस्तीस वर्षांच्या संसारात कधीच कळलं नव्हतं.

"मग शिकलीस का?" बाईंनी विचारलं. अहोजाहो आपोआप गळून पडलं होतं.

"नाही."

"अजिबात?"

"केस धुताना डोळ्यांवर पाणी आलं तरी मी हात वर करते."

बाईंनी तिच्या बारीक कापलेल्या केसांकडे पाहिलं. डॉक्टर मात्र लगेच कामाला लागली. उद्या आपण मानेच्या बुडाशी एक इंजेक्शन देऊ, ती म्हणाली. हाताकडे जाणाऱ्या नसा तिथून जातात, त्यांना बधिर केलं की खांद्यापासून बोटांपर्यंत काही कळत नाही, आणि नंतरही अर्धा दिवस दुखत नाही. फक्त एक आहे. श्वास घ्यायला लावणारी नस त्यांच्या अगदी शेजारून जाते, आणि औषध तिच्यापर्यंतही झिरपतं. त्यामुळे एका बाजूचा श्वास काही तास कमी होतो. बहुतेकांना कळतही नाही, काहींना कळतं. आवाज बसू शकतो, पापणी जराशी उतरते. औषध ओसरलं की सगळं परत येतं. लाखात नाही पण हजारांत एखाद्याला बरेच दिवस लागतात. तुमची फुफ्फुसं चांगली आहेत, म्हणून मी हा मार्ग घेतेय, दमेकरी असतात तर दुसरा घेतला असता.

बाई हो हो करत होत्या. त्यांच्या कानावर शब्द पडत होते, पण डोक्यात एक लाल टोपी वरखाली होत होती आणि तिच्याखालचा चेहरा काही केल्या आठवत नव्हता.

डॉक्टर गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अहो, उद्या ही माझ्या मानेत सुई घालणार."

"हो."

"सव्वीस वर्षं मनात ठेवलंय तिने."

"ठेवणारच. पाण्यातच पाहिलंय तिने तुला," यजमान म्हणाले आणि स्वतःच्याच कोटीवर इतके खूश झाले की ती त्यांनी नर्सला पण ऐकवली.

सकाळी सातला बाईंना एका छोट्या खोलीत नेलं. तिथे सोनोग्राफीचं यंत्र होतं, भिंतीवर मोठं घड्याळ होतं आणि एक तरुण नर्स हसतमुखाने वायरी जोडत होती. डॉक्टर टोपी घालून आली. हिरवी होती, तरी बाईंची नजर टोपीवरच गेली.

"मी आता तुम्हाला एकेक गोष्ट सांगून करणार," डॉक्टर म्हणाली. "आधी थंड लागेल. ते जेल आहे. मग मुंगी चावल्यासारखं. हललात तरी चालेल, पण सांगून हला."

थंड लागलं. मग मुंगी चावली. बाईंना वाटलं होतं त्याच्या निम्मंही दुखलं नाही. पडद्यावर करड्या रंगात काहीतरी गोलगोल होतं, त्याच्याभोवती काळं पाणी पसरावं तसं औषध पसरताना दिसलं. पाचेक मिनिटांत हात गरम झाला, मग जड झाला, मग कुणा दुसऱ्याचा झाला. बाईंनी डाव्या हाताने त्याला चिमटा काढून बघितला. शेजाऱ्याला काढल्यासारखा वाटला.

"छान," त्या म्हणाल्या. "एवढंच ना?"

एवढंच नव्हतं. पंधराव्या मिनिटाला बाईंनी श्वास घेतला आणि तो मध्येच थांबला.

म्हणजे आत आला, पण तळाशी पोचला नाही. जिना उतरताना शेवटची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. त्यांनी पुन्हा घेतला, जोर लावून. पुन्हा तेच. डावी बाजू भरली, उजवी बाजू हलली सुद्धा नाही. दुसऱ्या कुणाला हे इतकं नेमकं कळलं नसतं. पण या बाईंनी चाळीसेक वर्षं स्वतःचा श्वास वाण्याने तराजू बघावा तसा बघितला होता. तोळाभर कमी भरला तरी त्यांना कळे, आणि इथे तर पारडंच गायब होतं.

"डॉक्टर," त्यांनी हाक मारली, आणि आवाज ऐकून दचकल्या. भिजलेल्या पुठ्ठ्यावर नख ओढावं तसा काहीतरी खरखरीत आवाज निघाला. तलावापलीकडे पोचणारा त्यांचा आवाज खाटेपलीकडे पोचला नाही.

मग त्या घाबरल्या. थोड्याथोडक्या नाहीत, पार घाबरल्या. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, बोटावरचा ऑक्सिजन मोजायचा चिमटा उडून पडला, यंत्र टीं टीं करायला लागलं. कोरड्या खोलीत, चादरीवर, नाकातोंडात थेंब गेला नसताना आपण बुडतोय, असं त्यांना वाटलं.

"घाबरू नका आजी, काही होत नाहीये," नर्स म्हणाली.

एक तर आजी. वर, काही होत नाहीये. बाईंना तिला बरंच ऐकवायचं होतं, पण त्याला लागणारी हवा नव्हती.

"होतंय त्यांना," डॉक्टर म्हणाली. ती तोवर डोक्याकडे आली होती आणि खाट वर उचलत होती. "बाई, तुम्हाला बरोबर कळलंय. खरंच कमी श्वास मिळतोय. उजवीकडे, ना?"

बाईंनी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी खरं मानलं, एवढ्यानेच निम्मा जीव भांड्यात पडला.

"काल बोलले होते ते हेच असणार. तरी मी दुसरं काही नाही ना, ते आधी बघून घेते. मग बोलू."

नर्सने नाकाशी ऑक्सिजनची नळी लावली आणि चिमटा पुन्हा बोटावर बसवला. डॉक्टरने यंत्राचा डबीएवढा भाग छातीवर दोन्हीकडे फिरवला, बरगड्यांच्या मध्ये थांबत थांबत. फुफ्फुसाला धक्का लागलेला नाही, म्हणाली. मग ती डबी बरगड्यांच्या खाली आणली आणि पडदा बाईंकडे वळवला.

"फुफ्फुसांच्या खाली स्नायूचा एक घुमट असतो. तो खाली गेला की हवा आत येते. हा बघा डावा. घ्या श्वास."

पडद्यावर एक पांढरी रेघ झपकन खाली गेली आणि परत वर आली.

"आता हा उजवा. घ्या."

रेघ जागच्या जागी होती. दुपारच्या झोपेतल्या माणसासारखी.

"झोपलाय," बाई खरखरल्या.

"मी झोपवलाय. हातासाठी औषध दिलं, त्यात तोही सापडला. डावा एकटा दोघांचं काम करतोय. रक्तातला ऑक्सिजन सत्त्याण्णव आहे, तो आकडा तिथे दिसतोय. म्हणजे हवा पुरतेय. पुरत नाहीये असं वाटतंय, तेही खरं आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं."

"किती वेळ?"

"दहा-बारा तास."

"आणि उठलाच नाही तर?"

"क्वचित एखाद्याचा फार उशिरा उठतो. हे काल सांगितलं मी. तुम्ही ऐकत नव्हतात."

"काल मी..." बाईंनी अर्धा श्वास गोळा केला, "तुला ढकललं कधी ते आठवत होते."

डॉक्टर हसली. मोकळं हसली, पहिल्यांदाच. "आता एक करा. तुम्ही मोठा श्वास घ्यायला बघताय, म्हणून तो अडतोय. लहान घ्या. डाव्या कुशीत."

हे मात्र बाईंच्या हातातलं होतं. पोहताना तोंड एकाच बाजूला वळवून श्वास घेणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर रागावून दोन्ही बाजूंना वळायला लावलं होतं. तिसऱ्या हाताला श्वास, पाचव्या हाताला श्वास. ठीक आहे, आता दुसऱ्या हाताला, आणि तोही फक्त डावीकडे. त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात हात मारायला लागल्या. एक, दोन, डावीकडे. एक, दोन, डावीकडे. लहान श्वास, भरभर, वाया न घालवता. पहिल्या वीसेक हातांत काही जमलं नाही. मग लय सापडली. यंत्राची टीं टीं केव्हा थांबली ते कळलंच नाही.

डोळे उघडले तेव्हा डॉक्टर समोर उभी होती.

"आता असं आहे, पुढे जाता येईल. बसल्यासारखंच ठेवून करतात हे ऑपरेशन, म्हणजे श्वासालाही बरं. मी पूर्ण वेळ डोक्याशी असेन, थोडी गुंगी देईन. पण तुम्हाला नको वाटत असेल तर थांबू. औषध उतरलं की दुसऱ्या पद्धतीने, दुसऱ्या दिवशी. तुम्ही सांगा."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. काठावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. त्यांचा कारभार एक घाव दोन तुकडे असाच. विचारत बसलं की माणूस जास्त घाबरतो, हे त्यांचं ठाम मत, आणि ते मत त्यांना कुणी काठावर उभं करून कधी तपासायला लावलं नव्हतं.

"एक मिनिट दे."

डॉक्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खरोखरच एक मिनिट दिलं. नर्स काही बोलायला गेली, तिला हाताने थांबवलं. काटा फिरून वर आला.

"चल," बाई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं ते त्यांना कुठेतरी दूर सुतारकाम चालल्यासारखं ऐकू आलं. अकराला वॉर्डात आणलं. यजमान दाराशी उभे होते, या वेळी स्वतःच्या चष्म्यासकट. त्यांनी बायकोला आपादमस्तक न्याहाळलं. हात झोळीत, नाकाला नळी, आणि उजव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आलेली.

"एवढ्या लोकांत डोळा काय मारतेस?" ते म्हणाले.

बाईंना हसू आलं, पण हसायलाही पूर्ण श्वास लागतो. ख्या असं एकदाच झालं आणि राहिलं.

तो दिवस यजमानांनी पुढे वर्षभर पुरवून पुरवून सांगितला. बाईंना बोलता येत नव्हतं. कुजबुजायच्या, तेही तीन शब्दांपुरतं. यजमानांनी आधी कोड्यातले आडवे शब्द विचारले, मग उभे विचारले, मग कचेरीत नकाशे काढायच्या काळातल्या तीन गोष्टी सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगितल्या. पस्तीस वर्षांत त्यांची एकही गोष्ट शेवटाला पोचली नव्हती. तिसरी तर खरोखर चांगली होती. "ही आधी का नाही सांगितलीत?" बाईंनी कुजबुजून विचारलं. यजमानांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

दुपारी रखवालदाराचा फोन आला. बाईंनी हौसेने स्वतःच घेतला.

"बाईंची तब्येत कशी आहे हो काका?" तो म्हणाला.

"मीच बोलतेय."

"हो हो, पण जरा बाईंना द्या ना."

"अरे, मीच."

"काका, थट्टा नको. इथे सगळे काळजीत आहेत."

शेवटी यजमानांनी फोन घेऊन साक्ष दिली, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला.

फुंकर घालायचं, खरं तर ओढायचं, एक प्लॅस्टिकचं यंत्र नर्सने आणून दिलं. तीन नळ्या, तीन निळ्या गोळ्या. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळ्या वर जातात. एरवी बाईंनी तिन्ही गोळ्या छताला चिकटवल्या असत्या. आता एक गोळी कशीबशी उठली आणि दुसरी नुसती थरथरली. बाईंनी दर तासाला दहा वेळा ओढायचं व्रत घेतलं. चारला एक गोळी. सहाला एक. सातला दुसरी अर्ध्यावर जाऊन आली. नर्सही येता-जाता डोकवायला लागली, आणि आता ती आजी म्हणत नव्हती, बाई म्हणत होती.

साडेसातच्या सुमाराला करंगळीत मुंग्या आल्या. मग आवाजात जरा धार आली. आठला दुसरी गोळी वर जाऊन टिकली. डॉक्टरने सांगून ठेवल्याप्रमाणे नर्सने दुखण्याची गोळी आधीच दिली होती, तरी सव्वाआठला दंडात एक ठणका उठला, मग दुसरा. बाईंनी ओठ आवळले, यंत्र तोंडाला लावलं आणि ओढलं. श्वास आत आला, खाली गेला, आणखी खाली गेला आणि उजवीकडे तळाला टेकला. तिन्ही गोळ्या वर.

"अहो," बाई म्हणाल्या, आणि शेजारच्या खोलीतला पेशंट जागा झाला. "आला. हात दुखतोय आणि श्वास आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आली. पापणीकडे पाहिलं, डबी बरगड्यांखाली लावली, पडद्यावर उजवी रेघ डावीच्या बरोबरीने खालीवर होत होती. कागदावर सही केली.

"मी तुला ढकलायला नको होतं," बाई म्हणाल्या.

"नको होतं," डॉक्टर म्हणाली. मग पेन कानावर खोचत, "पण वरही तुम्हीच काढलंत. तिन्ही वेळा, लगेच."

"ये एकदा. आता नाही ढकलणार. नुसतं पायरीवर बसू."

"बाई, मला पोहायचंच नाहीये. माझं जमिनीवर छान चाललंय."

बाईंनी तोंड उघडलं. पोहणं प्रत्येकाला आलंच पाहिजे, यावर त्यांचं पंधरा मिनिटांचं भाषण तयार असे, आणि आता ते म्हणायला पुरेसा श्वासही होता. त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाल्या, "बरं."

दीड महिन्याने हाडांच्या डॉक्टरांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरायला परवानगी दिली, हात मारायला नाही. बायकांच्या सकाळच्या बॅचमध्ये एक बेकरीवाली आली होती, पन्नाशीची, धिप्पाड, पहाटे चारला उठून एकटी दोन भट्ट्या सांभाळणारी. चार दिवस ती पहिल्या पायरीवर कठडा धरून उभी होती. बदलीवर आलेल्या पोराने तिच्यापुढे हात टेकले होते.

बाई पायऱ्या उतरल्या आणि तिच्या शेजारी पाण्यात बसल्या.

"काय होतं नेमकं?"

बेकरीवाली संकोचली. "हसाल तुम्ही."

"नाही हसणार."

"पाणी पोटाला लागलं की श्वास अडतो. वरच्यावर राहतो, खाली जातच नाही."

"हं. उजवीकडे अडतो की डावीकडे?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने छातीवर हात ठेवला, एक श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि भट्टीत पाव झाला की नाही बघावं तशा एकाग्र चेहऱ्याने अंदाज घेतला.

"दोन्हीकडे," ती म्हणाली. "पण डावीकडे जास्त."

"मग बसू जरा."

दोघी बसल्या. बेकरीवालीने पिठाचे भाव सांगितले, बाईंनी सहा स्क्रूंची हकिगत सांगितली. शिट्टी वाजेना, ओरडणं ऐकू येईना, तेव्हा रखवालदार केबिनमधून वाकून बघायला लागला. बाईंना चक्कर आली असणार, अशी त्याची खात्री झाली. तो प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन ओल्या फरशीवरून धावत सुटला.

"पळू नकोस रे," बाई ओरडल्या, आणि बाहेर रस्त्यावर एका सायकलचा ब्रेक करकरला.